नेवरीला मुरड घालणारे हात

१३ डिसेंबर
नाताळच्या गोठ्यात हिरवळ म्हणून लावायची नाचणी आजच भिजवायची. किनाऱ्यावर आठ दिवस पुरतात, बेळगावच्या थंडीत कोंब सावकाश वाढतात, म्हणून दहा-अकरा दिवस हाताशी हवेत. रात्रभर भिजवून दिवसभर फडक्यात बांधायची आणि मोड आले की ओल्या गोणपाटावर पातळ पसरायची. दाट पडली तर मधली कुजते, घरभर वास सुटतो.

१९ डिसेंबर
सगे कुणी गोव्यात, कुणी मुंबईत, कुणी दुबईत. घरात चारच माणसं, त्यामुळे यंदा दोदोल नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ तळाला लागू न देता तासन्‌तास ढवळायचा, तर हात बदलायला माणूस लागतं. शिवाय त्याला माडाचा काळा गूळ हवा. आपल्याकडचा उसाचा गूळ उत्तमच, पण दोदोलाला तो रंग आणि ती धुरकट चव त्यातून येत नाही. अर्धवट करण्यापेक्षा तो गोव्याहून मागवलेला बरा.

२१ डिसेंबर
कुलकुल मात्र दोघांनाही जमतात. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ. नारळाचं घट्ट दूध २०० ते २५० मिली, तेही एकदम ओतायचं नाही. पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळून टोक नीट चिकटवायचं. टोक सुटलं की कढईत कुलकुल उलगडतो. साखर वाढवली की आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो. आच मोठी असेल तर वरून खुसखुशीत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. अंडं घालायचं नाही. शेजारी जैन, लिंगायत घरं आहेत, ताट सगळ्यांकडे जायला हवं.

२२ डिसेंबर
आज नेवऱ्या. इथे मावश्या-आत्यांची उणीव खरी भासते, कारण लाटणारी, भरणारी आणि मुरड घालणारी अशी तीन माणसं एकाच वेळी लागतात. लाटलेली पारी वाळली की कडा चिकटत नाही, सारण तेलात उतरतं आणि सगळं तेल जळकं होतं. म्हणून शेजारच्या काकूंना बोलवावं. दिवाळीच्या करंजीचा हात नेवरीला तसाच चालतो. काकूंची मुरड तर कातण्यापेक्षा सुबक: कडा चिमटीत धरून अंगठ्याने आत दुमडायची, दुमडीवर दुमडी, पार टोकापर्यंत. अशी नेवरी तेलात फुटत नाही.

ओल्या खोबऱ्याचं सारण घरच्यासाठीच. कितीही परतलं तरी ते चार दिवसांच्या वर ठेवू नये. मुंबईच्या डब्यात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, रवा, पिठीसाखर, वेलची. डबा भरायचा तो नेवऱ्या पूर्ण गार झाल्यावरच. कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि प्रवासात सगळ्या मऊ पडतात.

२४ डिसेंबर
ताटं संध्याकाळीच पोचवावीत. रिकामं ताट कुणी परत पाठवत नाही. त्यात थोडी साखर येते, नाहीतर कुंदा. बाळ येशूची मूर्ती गोठ्यात रात्रीच ठेवायची, तोवर गव्हाण रिकामी.

आणि फोन दीड वाजता. बेळगावात दीड म्हणजे दुबईत बरोबर बारा.