‘संशोधनातील रुची’ या रकान्यात काय लिहायचं?

कॉलेजच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची माहिती नव्यानं टाकायची आहे. त्यासाठी तक्ता फिरतोय. नाव, पदनाम, शैक्षणिक पात्रता, संशोधनातील रुची, शोधनिबंध, पुस्तकं, पीएच.डी. मार्गदर्शन, पुरस्कार. रुचीला एक ओळ ठेवली आहे, शोधनिबंधांना अख्खं पान. इतरांनी काय लिहिलंय ते बघावं म्हणून राज्यातल्या शिक्षणशास्त्र विभागांची पानं चाळत बसले. बहुतेक ठिकाणी तेच ते: मूल्यशिक्षण, शैक्षणिक मूल्यमापन, भावनिक बुद्धिमत्ता, आयसीटी, शिक्षक-शिक्षण. यात रुची नेमकी कशाची, ते कळत नाही. ही तर अभ्यासक्रमातल्या पेपरांची नावं झाली.

मग शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर गेले. आमच्या विषयातल्या प्रबंधांची शीर्षकं एका दमात वाचता येत नाहीत. नमुना असा: ‘अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमधील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता व शैक्षणिक संपादणूक यांच्यातील सहसंबंधाचा अभ्यास’. जिल्हा बदला, इयत्ता बदला, भावनिक बुद्धिमत्तेच्या जागी समायोजन नाहीतर अध्ययनशैली घाला, नवा प्रबंध तयार. छापील तयार चाचणी आग्र्याहून मागवायची, मुख्याध्यापकांना गाठून एका तासिकेत भरून घ्यायची, दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात ते सांगणारा सहसंबंध गुणक काढायचा. तो बहुधा ‘सार्थ’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नव्हे असा, येतो. शिफारशींमध्ये ‘शिक्षकांसाठी कार्यशाळा आयोजित कराव्यात’ हे वाक्य ठरलेलं. या सगळ्या खटाटोपात संशोधकानं एकाही मुलाला ‘तू असं का केलंस?’ म्हणून विचारलेलं नसतं.

आमची माणसं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे. २०१० साली यूजीसीनं एपीआय ही शैक्षणिक कामगिरीला गुण देण्याची पद्धत आणली तेव्हापासून प्राध्यापकाचं काम गुणांत मोजायची सवय लागली. २०१८ च्या नियमावलीतल्या कोष्टकात विज्ञानवाल्यांना एका शोधनिबंधाचे ८ गुण, आम्हा शिक्षणशास्त्र-मानव्यविद्यावाल्यांना १०. मार्गदर्शनाखाली कुणी पीएच.डी. झालं की आणखी १०. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी घेता येतात. आता दोन वर्षं एका शाळेत मागच्या बाकावर बसून वही भरणाऱ्यालाही १० आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रश्नावलीचं कोष्टक करून मोकळं होणाऱ्यालाही १० मिळणार असतील, तर संसारी माणूस काय निवडेल?

खरं तर आपल्याकडे हे शास्त्र काही कालचं नाही. शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. मुंबई विद्यापीठानं १९४३ मध्ये दिली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ‘केस’ या प्रगत अध्ययन केंद्रानं, प्रा. बुच यांच्या संपादनाखाली, देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण १९७४ मध्ये छापलं. एम.एड.ला असताना ग्रंथालयातले ते ‘बुच सर्व्हे’चे जाडजूड खंड उचलून हात दुखायचे. संबंधित साहित्याचा आढावा लिहायचा तर आधी बुच, मग पुढचं, अशी आमच्या पिढीची रीत होती.

त्याच १९७४ साली मुंबईत टीआयएफआरनं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. ते आज मानखुर्दला आहे. ऑलिम्पियाडमुळे पालकांना नाव माहीत असतं, पण तिथं काय संशोधन चालतं हे विचारलं तर बी.एड. कॉलेजातही फार जणांना सांगता येणार नाही. टीआयएफआर हे अभिमत विद्यापीठ आहे, तेव्हा तिथले लोकही आमच्यासारखेच विद्यापीठातले शिक्षक. त्यांच्याही पानावर रुची आणि शोधनिबंधांचे रकाने असतात. फरक एवढाच की त्यातला एखादा निबंध वाचून दुसऱ्या दिवशी वर्गावर जावं, तर फळ्यावर काय लिहायचं तेच बदलतं.

गणिताचं उदाहरण देते, कारण मी गणित अध्यापन पद्धती शिकवते.

१९ − ७ + ४ हे सोपं उदाहरण सहावीच्या वर्गात द्या. बरीच मुलं उत्तर ८ काढतात. सात आणि चार अकरा, एकोणिसातून अकरा गेले, राहिले आठ. आपण म्हणतो, पोरांनी नियम पाठ केला नाही. गंमत म्हणजे यातल्या काहींनी तो अगदी नीट पाठ केलेला असतो! ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यात ‘बे’ आधी आहे आणि ‘व’ नंतर. मुलानं आज्ञाधारकपणे आधी बेरीज केली. चूक नियमातच दडलेली आहे, आणि वर्षानुवर्षं आम्ही तो टाळ्या वाजवून घोकून घेतोय.

होमी भाभा केंद्रातल्या राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी यावर मोठं काम केलं. बीजगणिताच्या उंबरठ्यावरच्या मुलांना अंकगणितातल्या राशी ‘पदां’मध्ये बघायला शिकवायचं, ही त्यांची कल्पना. चिन्ह हे त्याच्या पुढच्या संख्येला चिकटलेलं. म्हणून +१९, −७ आणि +४ अशा तीन चौकटी काढायच्या. चौकटी कशाही हलवा, पण चिन्ह चौकटीतून बाहेर पडणार नाही. मग १९ + ४ − ७ आणि १९ − ७ + ४ या राशी समान आहेत हे आकडेमोड न करताच दिसतं. गुणाकार आला की त्याची एकच चौकट: ५ + ३ × ४ मध्ये +५ हे एक पद, +३ × ४ हे दुसरं. पाच आणि तीन वेगवेगळ्या चौकटींत असल्यामुळे त्यांची आठ करून चारनं गुणायचा मोह होत नाही. आणि पुढं ३क्ष + ५ आलं की त्याचं ८क्ष का होत नाही, हे सांगायला वेगळा नियम लागत नाही. तीच चौकट कामाला येते. ही पद्धत एका दिवसात सुचलेली नाही. मुलांच्या गटांना शिकवून बघायचं, त्यांच्याशी बोलायचं, जिथं अडतं तिथं आखणी बदलायची आणि पुन्हा शिकवायचं, असं करत करत ती घडली. २०१२ मध्ये त्यावरचा निबंध ‘एज्युकेशनल स्टडीज इन मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. गणित शिक्षणात त्या नियतकालिकात छापून येणं ही मोठी गोष्ट. आमच्या कोष्टकात मात्र त्याला किती गुण पडले असते, याचा मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

दुसरं उदाहरण शमिन पाडळकर आणि जयश्री रामदास यांचं. खगोलशास्त्राचं प्राथमिक शिक्षण हा विषय, आणि मुलं महाराष्ट्रातली: ग्रामीण, आदिवासी आणि शहरातल्या झोपडवस्तीतली. पृथ्वी गोल आहे हे सगळेच म्हणतात, पण त्या गोलावर आपण नेमके कुठं उभे आहोत आणि मग सूर्य पूर्वेलाच का उगवतो, हे विचारलं की गाडी अडते. यांनी प्रतिकृती आणि आकृत्यांच्या मध्ये हातवाऱ्यांचा पूल बांधला. संशोधकांनी मुद्दाम आखलेले हावभाव एकीकडे, आणि मुलं आपसात चर्चा करताना आपोआप करतात ते दुसरीकडे. दोन्हींचा अभ्यास. त्यावरचा निबंध २०११ चा. तो वाचल्यापासून छात्रशिक्षकांचा पाठ बघताना माझं लक्ष मुलांच्या हातांकडे असतं. उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर म्हणजे उत्तरेकडे धरला, की बोटं ज्या बाजूला वळलेली असतात त्या बाजूला पृथ्वी फिरते, हे मी सगळ्यांकडून करून घेते. तोंडानं ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे’ म्हणणाऱ्या एम.एस्सी. झालेल्या मुलीही मूठ वळवून बघताना क्षणभर थांबतात.

अरिंदम बोस यांनी, सुब्रमण्यम यांच्याच बरोबर, मुंबईतल्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीतल्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित तपासलं. तिथं घरोघरी छोटे उद्योग चालतात, मुलं कामाला हात लावतात, मापं आणि पैसे हाताळतात. सुग्रा चुनावाला यांनी मुलांच्या मनात वैज्ञानिक कसा असतो त्याचा शोध घेतला. या दोन्हींवर स्वतंत्र लिहायला हवं. तूर्तास नावं नोंदवून ठेवते.

आम्हा खानदेशवाल्यांना मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या केंद्राच्या सुरुवातीच्या कामातलं एक महत्त्वाचं काम रावेर तालुक्यात, खिरोद्याला झालं. सत्तरच्या दशकात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी तिथल्या नि आसपासच्या ग्रामीण शाळांतल्या विज्ञान शिक्षकांबरोबर काम करत होते. रावेर म्हटलं की लोकांना केळी आठवतात. विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात खिरोद्याचं नाव आहे, हे आमच्याच जिल्ह्यातल्या शिक्षकांना मी सांगते तेव्हा ‘आपलं खिरोदा?’ असं विचारतात. पुढं कुलकर्णी आणि गंभीर यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा अडसर किती मोठा असतो यावर लिहिलं, तो निबंध १९८१ चा. आणि कुलकर्णी-आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर जे काम केलं, त्यातून हेच दिसलं की गुणवत्ता मुलांत असते, ती दिसू न देणारे अडथळे बाहेर असतात. ज्या काळात ‘संपादणूक’ ही मुलाच्या डोक्याची मोजणी समजली जायची, तेव्हा हे ठामपणे म्हणायला हिंमत लागत असणार.

एवढं सगळं वाचून माझ्या पानावरच्या त्या एका ओळीत मी लिहिलं: ‘चुकीच्या उत्तरामागचा मुलांचा विचार’. कार्यालयातून विचारणा झाली, हा कोणत्या पेपरमध्ये येतो? मी म्हटलं, सगळ्याच.

सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं शाळानुभवाला गेली आहेत. प्रत्येकाला एक कृतिसंशोधन, म्हणजे वर्गातल्याच एखाद्या अडचणीवरचं छोटं संशोधन, करावं लागतं. त्यातली एक जण परवा वही घेऊन आली. चेहरा पडलेला. “मॅडम, पाचच मुलांशी बोलणं झालं. एवढ्यावर होईल का? टी-मूल्य कसं काढू?”

वही उघडली. तिनं मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली होती. एका मुलीनं १९ − ७ + ४ चं उत्तर ८ काढलं होतं आणि लगेच खाली १९ + ४ − ७ चं १६. हिनं विचारलं, दोन्हींत आकडे तेच, चिन्हं तीच, मग उत्तरं वेगळी कशी? त्यावर मुलगी म्हणाली, “गणित वेगळं आहे ना बाई. मग उत्तर पण वेगळंच येणार.”

मी तिला म्हटलं, टी-मूल्याचं राहू दे, हे वाक्य पहिल्या पानावर टाक. बहिःस्थ परीक्षकांनी सांख्यिकीबद्दल विचारलं तर माझ्याकडे पाठव. पुढच्या आठवड्यात ती त्याच पाच जणांना चौकटी देऊन बघणार आहे.