बायपासनंतरचे घर

बायपास शस्त्रक्रियेची चर्चा आपल्याकडे बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवसापाशीच संपते. ब्लॉकेज किती होते, सर्जन कोण होते, विम्याने किती पैसे दिले, एवढे विचारून झाले की विचारणारा मोकळा होतो. पुढचे दोन-तीन महिने मात्र घरात काढायचे असतात, आणि त्या काळात घरच्यांनी नेमके काय करायचे, हे प्रेमाची कितीही माणसे भोवती असली तरी आपोआप कळत नाही. यंदाच्या आषाढात माझी बायपास झाली आणि पावसाळा मी दादरच्या घरात रुग्ण म्हणून काढला. त्या अनुभवातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते, ती म्हणजे घरच्यांच्या मायेची कामांत वाटणी करावी लागते. ती केली नाही, तर त्याच मायेचा रुग्णाला जाच होतो.

वाटणी करण्यापूर्वी शरीरात काय घडले आहे, हे सर्वांना समजलेले असावे. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मधोमध असलेले हाड उभे कापतात आणि काम झाल्यावर ते स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. या तारा सहसा कायमच्या आत राहतात. माझ्या एक्स-रेमध्ये त्या स्पष्ट दिसतात. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते बळकट व्हायला तीन महिनेही लागू शकतात. उचलू नका, ओढू नका, ढकलू नका, हात डोक्यावर ताणू नका, या सगळ्या सूचना त्या एका हाडासाठी असतात.

घर चालवणाऱ्या बाईच्या दिवसाकडे या दृष्टीने पाहिले, तर निम्मा दिवस त्या यादीत बसतो. भरलेला कुकर उतरवणे, पाण्याची बादली सरकवणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, नारळ खवणे, कणीक मळणे हे सारे बंद झाले. १४.२ किलो गॅस भरलेला सिलिंडर तर लांबच राहिला. अंथरुणातून उठतानाही हातांवर भार द्यायचा नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि मग अंग उचलायचे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. माझी ती उशी घरभर माझ्याबरोबर फिरत असे आणि टॅक्सीत गतिरोधक दिसला की यजमान ती न सांगता माझ्या हातात देत.

संकोच बाजूला ठेवून आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती मला कोणीही आपणहून सांगितली नाही. स्त्रियांच्या बाबतीत स्तनांच्या वजनाने टाके ओढले जातात आणि दुखणे वाढते. पुढून उघडणारी, मऊ, तार नसलेली ब्रा वापरल्यावर मला पुष्कळ आराम पडला. हात मागे न्यावे लागू नयेत म्हणून सूनबाईंनी माझ्यासाठी पुढे बटणे असलेले सुती गाऊन आणले. केस विंचरणे हे मोठेच संकट होते, कारण वेणी घालायची तर दोन्ही हात मानेमागे जातात. ते काम यजमानांकडे आले. आयुष्यात कधी कोणाची वेणी न घातलेला हा माणूस तीन पेड मोजत, मधेच एक पेड हातातून निसटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत असे. वेणी डावीकडे कलती व्हायची, पण टिकायची.

माझ्या सासूबाई ८५ वर्षांच्या आहेत. त्यांच्या अनुभवात घरात खाटेवर पडलेली बाई म्हणजे बाळंतीण, त्यामुळे त्यांनी माझीही तशीच व्यवस्था आरंभली. खिडक्या बंद झाल्या, कानाला रुमाल बांधला गेला आणि डिंकाच्या लाडवांसाठी साजूक तुपाची चौकशी सुरू झाली. तीन महिने जमिनीला पाय लावू द्यायचा नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्यालाही पार्श्वभूमी आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले, तेव्हा सासूबाई परळलाच चाळीत राहत होत्या. तो रुग्ण काही तासच जगला. छाती उघडलेला माणूस वाचत नाही, ही त्या काळची समजूत त्यांच्या मनात घर करून राहिली. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये सर्जन रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास करायला सुरुवात केली ती त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, पण ती बातमी परळच्या चाळीपर्यंत पोहोचण्याचे काही कारण नव्हते. आता तर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच रुग्णाला उभे करतात, कारण पडून राहिल्याने फुप्फुसांत कफ साठण्याचा आणि पायांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सासूबाईंना हे पटवण्याचे काम मुलाने डॉक्टरांवर सोपवले आणि त्यांना फॉलोअपला बरोबर नेले. डॉक्टरांनी ‘आजी, यांना रोज तुम्हीच चालवायचे’ असे सांगितल्यावर विरोध मावळला. त्या दिवसापासून चालण्याच्या वेळेत माझी पाच मिनिटेही सवलत झाली नाही.

उरलेली वाटणी सूनबाईंनी केली आणि कागद फ्रिजवर लावला. गोळ्यांचा सात दिवसांचा डबा भरणे आणि रिपोर्टची फाइल सांभाळणे हे मुलाचे काम. यजमान रोज सकाळी माझे वजन, नाडी आणि रक्तदाब वहीत लिहून ठेवत. वजन एकाएकी किलो-दीड किलो वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते. याखेरीज ताप, जखमेतून स्राव, वाढता दम, किंवा छातीच्या हाडात कट् असा आवाज यांपैकी काहीही आढळले, तर कोणाशीही चर्चा न करता आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे कागदावर लाल अक्षरांत लिहिले होते. फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र नातवाच्या ताब्यात होते. तिसरा चेंडू वर गेल्याशिवाय तो मला सोडत नसे.

भेटायला येणाऱ्यांची वेळ संध्याकाळी पाच ते सहा अशी ठरली. काहींना ते रुचले नाही, पण तासभर बोलल्यावर येणारा थकवा किती खोल असतो, हे त्यांना दिसत नव्हते. शिवाय प्रत्येक पाहुणा सल्ला घेऊन येई. एका शेजाऱ्यांच्या भावाला पालेभाज्या जपून खायला सांगितले होते, म्हणून माझ्या ताटातली मेथी काढून टाकावी असा आग्रह झाला. त्या भावाचे ऑपरेशन झडपेचे होते. कृत्रिम झडप बसवलेल्यांना बहुधा वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिले जाते आणि पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून त्यांना भाजीचे प्रमाण रोज सारखे ठेवावे लागते. मला ते औषध नव्हते. मला कमी करायचे होते ते मीठ, म्हणजे लोणचे, पापड आणि सुकट. खरे तर त्या दिवसांत कशालाच चव लागत नव्हती. पातळ मुगाची खिचडी आणि ताक एवढेच घशाखाली उतरत असे.

मनाबद्दल मात्र कागदावर काही लिहिलेले नव्हते. दुपारी एकदम रडू येई, वर्तमानपत्रातले वाक्य दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नसे. उताणे झोपावे लागल्याने रात्री कानात स्वतःचेच ठोके ऐकू येत आणि झोप उडे. मुलगा घाबरून करमणुकीचे उपाय शोधू लागला. शेवटी डॉक्टरांनी सांगितले की अशा शस्त्रक्रियेनंतर उदासी पुष्कळांना येते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ती लांबली तर उपचार आहेत, तेव्हा लपवू नका. यजमानांनी त्यानंतर एक चांगली गोष्ट केली. मी रडत असताना ते नुसते शेजारी बसून शब्दकोडे सोडवत, आणि रडे थांबले की एखादा अडलेला शब्द मला विचारत.

पावसामुळे सुरुवातीचे चालणे इमारतीच्या गॅलरीतच झाले. आमच्याकडे लिफ्ट नाही. जिना चढायला परवानगी होती, पण कठड्याला धरून अंग वर ओढायचे नाही आणि प्रत्येक मजल्यावर थांबायचे, अशा अटीवर. उघडीप मिळू लागली तशी मी शिवाजी पार्कला जाऊ लागले. तिथला कट्टा हे हृदयरुग्णाचे मोठे सुख आहे, कारण दम लागला की बसायला जागा शोधावी लागत नाही. शीर काढलेला पाय चालून सुजत असे, म्हणून घरी आल्यावर तो स्टुलावर ठेवून बसायचे. लोकलमध्ये शिरण्याची परवानगी मात्र गर्दीतल्या रेट्यामुळे शेवटपर्यंत मिळाली नाही.

गणपतीत मी खुर्चीवर बसून मोदकांच्या उकडीवर देखरेख केली. नारळ मुलाने खवले, कळ्या सूनबाईंनी पाडल्या आणि त्या एकसारख्या नाहीत असे सासूबाईंनी त्यांना दोनदा ऐकवले. आता वजन उचलण्याची बंधने सैल झाली आहेत आणि मोठ्या चालण्याचा कार्यक्रम फिजिओथेरपिस्टनी आखून दिला आहे. वेणी मी पुन्हा स्वतः घालू लागले आहे. वही मात्र यजमानांनी अजून बंद केलेली नाही, आणि परवा त्यांनी तिच्यात स्वतःच्या रक्तदाबासाठी एक रकाना आखला.