कर्तव्य मान्य, पण आकडा कोणाचा?

हवामानबदलाविषयी एखादा न्यायालयीन निर्णय आला की त्याला लगेच ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लागते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने दिलेल्या सल्लागार मतालाही ते लागले, आणि ते गैर नव्हते. वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना न्यायालयाने सांगितले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांच्या मर्जीवर सोडलेले काम नसून कायदेशीर कर्तव्य आहे, करारांबाहेर राहिलेल्या देशांनाही ते रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बांधून ठेवते, आणि जीवाश्म इंधनांच्या शोधाला परवाने किंवा उद्योगाला अनुदान देणे हासुद्धा त्या कर्तव्याचा भंग ठरू शकतो. मात्र कोणत्या देशाने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात किती कपात करावी, याचा आकडा त्यात नाही. बंधनकारक नसलेल्या सल्लागार मताकडून तशी अपेक्षा करणे अर्थातच अवाजवी ठरेल. परंतु गेल्या दहा वर्षांतील महत्त्वाचे निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. कर्तव्य मान्य करताना न्यायालये आता फारशी कचरत नाहीत. ती अडखळतात ती त्या कर्तव्याचे माप ठरवताना.

सुरुवात तर आकड्यानेच झाली होती. उर्जेंडा या पर्यावरण संघटनेच्या प्रकरणात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ रोजी सरकारला १९९० च्या तुलनेत २०२० अखेर उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश कायम ठेवला. हा आकडा न्यायाधीशांनी स्वतः काढलेला नव्हता. विकसित देशांसाठी २५ ते ४० टक्के कपातीची कक्षा वैज्ञानिक अहवालांतून आधीच मान्य झालेली होती आणि न्यायालयाने तिची खालची मर्यादा तेवढी उचलली. म्हणूनच तो आदेश टिकला, असे मला वाटते.

त्याच देशात शेल या तेल कंपनीच्या बाबतीत मात्र हे जमले नाही. जिल्हा न्यायालयाने २६ मे २०२१ रोजी कंपनीला २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करण्यास सांगितले होते. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या निकालाची बातमी ‘शेल जिंकली’ अशी झाली, पण निकालपत्र तितके सरळ नाही. घातक हवामानबदलाला आळा घालण्याची जबाबदारी कंपनीवरही आहे, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे मान्य केले. पण संपूर्ण जगासाठी काढलेली सरासरी टक्केवारी एका विशिष्ट कंपनीला जशीच्या तशी लावता येईल असे वैज्ञानिक एकमत नाही, असे ते म्हणाले. कंपनीने विक्री थांबवली तरी तेच इंधन दुसरा कोणी विकेल, हा युक्तिवादही त्याला पटला. मला हा दुसरा मुद्दा पहिल्याइतका भक्कम वाटत नाही, कारण तो प्रत्येक विक्रेत्याला सारखाच वापरता येतो आणि मग जबाबदार कोणीच उरत नाही.

जर्मनीतील हाम येथील उच्च प्रादेशिक न्यायालयात याहून विलक्षण प्रसंग घडला. पेरूतील वाराझ शहराच्या एका शेतकऱ्याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या वीज कंपनीविरुद्ध दावा लावला. हिमनदी वितळून पाल्काकोचा सरोवर फुगले आहे, त्यापासून आपल्या घराला धोका आहे, आणि औद्योगिक युगातील जागतिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा सुमारे ०.४७ टक्के असल्याने संरक्षणाच्या खर्चाचा तेवढाच भाग तिने द्यावा, अशी त्याची मागणी होती. शेजाऱ्याच्या कृतीने मालमत्तेला होणारा उपद्रव रोखणारे जर्मन दिवाणी कायद्याचे जुने कलम त्याचा आधार होते. २८ मे २०२५ रोजी दावा फेटाळला गेला, कारण पुढील तीस वर्षांत पुराचे पाणी त्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता न्यायालयाला एक टक्क्याच्या आसपास वाटली. पण दोन खंडांतील अंतर हा अडथळा नाही, मोठ्या उत्सर्जकांना असा खर्च तत्त्वतः द्यावा लागू शकतो, हेही त्याच निकालात आहे. वादी हरला, त्याचा सिद्धांत मात्र उभा राहिला.

काही न्यायालयांनी यातून शहाणपणाची वाट काढली आहे. आकडा स्वतः द्यायचा नाही, पण तो नसणे हाच दोष मानायचा. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये २०३० नंतरच्या कपातीची पुरेशी तरतूद नसणे घटनाबाह्य ठरवले आणि सरकारने कायदा कडक केला. दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये २०३१ ते २०४९ या काळाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये वृद्ध महिलांच्या संघटनेच्या तक्रारीवर स्वित्झर्लंडला दोषी धरले, तेव्हाही देशाने स्वतःच्या उत्सर्जनाची मर्यादा मोजून ठरवलेली नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. स्विस संसदेने आपण पुरेसे केले आहे असा ठराव करून नाराजी दाखवली, तो भाग वेगळा.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या २१ मार्च २०२४ च्या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये वाचला; त्याच निकालात या पक्ष्यासाठी वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आधीचा व्यापक आदेश सौरऊर्जेच्या गरजेपोटी सैलही केला. हक्क मिळाला, पण तो सरकारकडून कोणत्या मापाने वसूल करायचा, हे पुढच्या याचिकांवर सोडले गेले.

शेलविरुद्ध खटला लढणारी पर्यावरण संघटना २०२५ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयात गेली आहे. एका कंपनीच्या वाट्याची टक्केवारी न्यायालयाला ठरवता येते का, हा प्रश्न आता तेथे आहे.