तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नास झालं तरी वेधशाळा सांगत नाही, हो ना?

एप्रिल निम्मा झाला की सुरू होतं. भाजीवाला, ऑटोवाला, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई, पुतण्या, पुतण्याचे मित्र. मी वेधशाळेत नोकरी केली हे कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं. ‘काकू, खरं सांगा, तुम्ही लोक तापमान कमी करून सांगता ना? पन्नास झालं की सुट्टी द्यावी लागते म्हणून?’ आणि पुरावा म्हणून गाडीच्या पट्टीवरच्या ४९ चा फोटो. ‘हे पाहा, अन् पेपरात पंचेचाळीस. काहून लपवता जी?’

लपवत नाही. पण एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण विचारणाऱ्याचा अनुभव खरा असतो. मे महिन्यात दुपारी अडीचला नागपूरच्या व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर उभं राहिलेल्या माणसाला वरून ऊन भाजतं, खालून डांबर आणि बाजूनं बसचं इंजिन. गाडीतला सेन्सर बहुधा पुढच्या बंपरजवळ बसवलेला असतो, म्हणजे तो त्या डांबराच्याच झळांत. तो ४९ दाखवतो ते त्या जागेपुरतं खोटं नसतं. मोबाइल मात्र काही मोजतच नाही. दूरच्या कुठल्या संगणकानं काढलेला अंदाज तो तुमच्या हातात ठेवतो, आणि आपण त्याला थर्मामीटर समजतो.

आमचा थर्मामीटर असतो एका पांढऱ्या लाकडी पेटीत. चारही बाजूंना झिलमिल्या, वर दुहेरी छप्पर, खाली पाय. थर्मामीटरचे फुगे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतील अशी उंची आणि दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. ही रचना थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरची. एकोणिसाव्या शतकातली आहे आणि अजून चालते. आत चार थर्मामीटर: ड्राय (हवेचं तापमान), वेट (फुगा ओला ठेवलेला, दमटपणा कळायला), मॅक्स (कमाल) आणि मिन (किमान). खात्यात कुणी ‘शुष्क फुगा तापमापी’ म्हणत नाही. वारा आरपार जाईल, पण ऊन किंवा भिंतीचा ताव लागणार नाही, अशी त्या पेटीची सोय. ताप मोजताना चुलीसमोर बसलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून चालत नाही, तसंच हे. मोजायची असते हवा. डांबर, पत्रा, भिंत, आपली चामडी या सगळ्यांचं तापमान वेगळं असतं.

आणि खरी गोष्ट अशी, की तो ४५ चा आकडा आज तुम्हाला किती उकडतंय हे सांगण्यासाठी काढलेलाच नसतो. पेपरात येतो तो जाता जाता. त्याची खरी जागा महिन्याच्या पानावर.

हे पान कसं तयार होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं तिथं कुणी पंख्याखाली बसून आकडे टाकतं. नोंदी घेण्याच्या वेळा जगभर एकाच क्षणाला ठरलेल्या आहेत, ग्रिनिचच्या घड्याळानं. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे त्या वेळा साडेपाच, साडेआठ, साडेअकरा, अडीच अशा येतात. किमान तापमान सकाळी साडेआठला वाचायचं, कमाल संध्याकाळी साडेपाचला. आधी ड्राय वाचायचा, कारण दार उघडून माणूस समोर उभा राहिला की त्याच्या अंगाची ऊब आत जाते. डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा, आणि वाचन अंशाच्या दहाव्या भागापर्यंत. वाचून झालं की लगेच पॉकेट रजिस्टरात पेन्सिलीनं. ‘लक्षात ठेवते, मग लिहिते’ हा प्रकार नाही.

नागपुरात सगळ्यात जास्त छळतो तो वेट. त्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी आणि वात बांधलेली असते आणि ती डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेली असते. मे महिन्यात गरम वारा सुटला की ती मलमल बघता बघता कोरडी पडते आणि वेट ड्रायच्या दिशेनं चढू लागतो. नवख्याला वाटतं हवेत दमटपणा आला, कारण दमट हवेत दोघांतला फरक कमी असतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी, नागपुरात दमटपणा! म्हणून आधी मलमल ओली आहे का ते बघायचं, भिजवावी लागली तर थांबायचं, मग वाचायचं. मला विचाराल तर चांगला निरीक्षक ओळखायची जागा हीच.

पावसाचं गणित तापमानापेक्षा कडक. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात. म्हणजे ३१ जुलैच्या रात्री धो धो कोसळला तर तो १ ऑगस्टच्या खात्यात. जुलैची बेरीज बघून ‘आमच्याकडे तर शेवटच्या रात्री नदी वाहिली, हे एवढंच कसं?’ म्हणून भांडायला येणारे मी पाहिले आहेत. भांडण रास्त असतं, फक्त तो पाऊस पुढच्या पानावर सापडतो. दुसरं असं, की सरासरीला महिन्यातल्या एखाद-दोन दिवसांचा खाडा सोसतो. बेरजेला एकही सोसत नाही. पावसाळ्यात एका दिवसाची नोंद गेली तर त्या दिवशी शून्य होता की १०० मिलिमीटर, हे कोण सांगणार? शेतकऱ्याला हे बरोबर कळतं. काटोलकडचे संत्रावाले मला पन्नासबद्दल कधी विचारत नाहीत, त्यांचा प्रश्न ‘आमच्या मंडळात पासष्ट झाला का?’ एवढाच असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, आणि त्यावर पुढची मदत अवलंबून. तिथं एका मिलिमीटरची किंमत रुपयांत असते.

महिना संपला की पॉकेट रजिस्टरातलं सगळं मासिक रजिस्टरात चढतं आणि छाननी सुरू होते. माझी नोकरीची बरीच वर्षं या छाननीत गेली आणि मला ती आवडायची, हे ऐकून लोक कीव केल्यासारखं बघतात. बघू देत. साडेआठच्या ड्रायपेक्षा त्या सकाळचा किमान जास्त असू शकत नाही. अडीचच्या ड्रायपेक्षा त्या दिवसाचा कमाल कमी असू शकत नाही. वेट ड्रायच्या वर जाऊ शकत नाही. हे झालं पानातल्या पानात. मग शेजारची पानं: वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, ब्रह्मपुरी. सगळीकडे पारा चढता आणि एकाच ठिकाणी तीन अंशांनी खाली, तर शेरा वाचायचा. ‘सव्वाचारला वादळ, गडगडाट, गारा’ असं लिहिलेलं असलं तर आकडा बरोबर. शेरा कोरा असला तर पत्र जायचं. नुसत्या आकड्यांपेक्षा शेऱ्यांचा रकाना मला नेहमी जास्त विश्वासाचा वाटला. घरी बसून आकडे बनवणारा माणूस शेरा बनवायला कंटाळतो. त्याच्या पानावर दशांश चिन्हापुढे शून्य, दोन, चार आणि पाच यांचीच गर्दी असते आणि ड्राय-वेटमधला फरक महिनाभर गुण्यागोविंदानं सारखा. हवा इतकी शहाणी नसते.

लहान गावांतली कितीतरी स्थानकं अर्धवेळ निरीक्षकांच्या भरवशावर चालली. कुणी मास्तर, कुणी पोस्टातला. मानधन किरकोळ, आणि पोरीच्या लग्नाच्या दिवशीही साडेआठला पेटी उघडायचीच. त्यांची पानं पुण्याला जायची, आणि देशभरच्या नोंदींचं भांडार आजही पुण्यालाच आहे.

निवडक स्थानकांचा महिन्याचा गोषवारा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या सुमारास सांकेतिक आकड्यांत जगभर जातो. नागपूरच्या सोनेगाव स्थानकाचा त्यातला क्रमांक ४२८६७. सरासरी दाब, सरासरी कमाल आणि किमान, पावसाची बेरीज, पावसाचे दिवस. कमाल २५ च्या वर किती दिवस, ३० च्या वर किती, ३५ च्या, ४० च्या. बस, ४० ला पायऱ्या संपतात. हा सांकेतिक तक्ता आखणाऱ्यांना चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी वाटलं असावं. आपल्या मे महिन्याची सरासरीच त्याच्या पुढे.

आता, महिन्याच्या सरासरीचा उपयोग काय? १८९९ साली मान्सूननं दगा दिला आणि देशात मोठा दुष्काळ पडला. पुढे १९०४ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आले. माणूस गणिताचा, हवामानाचा नव्हे. मान्सूनचं आधी कळावं म्हणून त्यांनी जगभरच्या स्थानकांच्या दाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी एकमेकांशी ताडून बघायला घेतल्या. सगळं हातानं, कारकुनांकडून. त्यातून दिसलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो आणि उलटही होतं. यालाच त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटलं. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, घातली, आणि आज दर एप्रिलला ‘यंदा एल निनो आहे का हो?’ हा माझ्या वाट्याचा दुसरा प्रश्न झाला. एका दिवसाच्या आकड्यातून हे कधीच दिसलं नसतं, कारण दिवस फार गोंगाट करतो. ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणांच्या मासिक दाबांतल्या फरकावर हे आंदोलन अजूनही जोखतात. कुठल्यातरी बेटावर कुणीतरी वेळेवर जाऊन पारा वाचला, म्हणून.

आणि म्हणूनच पद्धत बदलली की मला धास्ती वाटते. पेटी हलली, शेजारी इमारत आली, गवताच्या जागी फरशी पडली, पाऱ्याच्या जागी सेन्सर आला, तर आकडा थोडा सरकतो. सरकणं टळत नाही. पण कधी आणि का सरकला हे लिहून ठेवलेलं पाहिजे. नाहीतर तीस वर्षांनी कुणाला तरी त्यात हवामान बदललेलं दिसेल.

मे २०२४ ची आठवण तुम्ही काढणार हे ठाऊक आहे. २९ तारखेला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी नागपुरात रामदासपेठेतल्या केंद्रानं ५६. माझा फोन दिवसभर वाजत होता. ‘सापडलं ना शेवटी!’ पण त्याच दिवशी वर्धा रोडवरचं केंद्र ४४ दाखवत होतं. एकाच शहरात, एकाच दुपारी, हवेत बारा अंशांचा फरक? छाननीच्या टेबलावर हा आकडा पहिल्याच फेरीत अडला असता. खात्यानं सेन्सरचा दोष म्हणून सांगितलं आणि मुंगेशपूरचाही सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं तपासात निघालं. स्वयंचलित केंद्रांवर माझा राग नाही. जिथं माणूस नेमता येत नाही तिथं ती हवीतच. पण यंत्राचा आकडा थेट लोकांच्या मोबाइलवर आणि मधला छाननीवाला गायब, हे मला पटत नाही. सेन्सर चुकला ही बातमी चुकलेल्या आकड्यामागून पोचते आणि ती कुणी पुढे पाठवत नाही.

खात्याला मोठे आकडे जाहीर करायची लाज असती, तर मे २०१३ चा नागपूरचा ४७.९ कुणी सांगितला असता?

राहिला सुट्टीचा मुद्दा. पन्नासला सुट्टी द्यायची असा नियम निदान मला तरी कधी भेटलेला नाही. उष्णतेची लाट ठरते ती मैदानी भागात तापमान किमान ४० असून त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश वर गेलं तर, किंवा सरळ ४५ झालं तर. तेही हवामानाच्या एका उपविभागात, म्हणजे आपल्या बाबतीत विदर्भात, निदान दोन स्थानकांवर, लागोपाठ दोन दिवस. त्यामुळे ४२ अंश नागपुरात मार्चमध्ये लाट ठरू शकते आणि मे महिन्यात तो नेहमीचा दिवस. लाट जाहीर व्हायलासुद्धा ती जुनी पानंच लागतात, त्यांच्यावरून तीस वर्षांची सरासरी काढलेली असते म्हणून. आणि सुट्टी तर आपल्याला मिळतेच आहे. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्या नंतर. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘ते तर दरवर्षीचंच आहे.’