हजार कोअर नकोत, हजार फायली आहेत

आमच्या विद्यापीठाच्या संगणन केंद्रात मी यूजर सपोर्ट बघतो. म्हणजे क्लस्टर (अनेक संगणक जोडून केलेला मोठा संगणक) बंद पडला की शिव्या खायच्या आणि चालू असला की पासवर्ड रिसेट करून द्यायचे.

मध्यंतरी प्राणिशास्त्राची एक पीएचडी करणारी मुलगी आली. आंबोलीत पावसाळाभर रेकॉर्डर लावून बेडकांचे आवाज जमवलेले, तासातासाच्या हजारभर ऑडिओ फायली. आवाज ओळखणारी पायथन स्क्रिप्ट तयार होती, पण लॅपटॉपवर एका फायलीला वीस मिनिटं. म्हणजे अखंड दोन आठवडे. क्लस्टर वापरायचा आमचा अर्ज भरायला घेतला आणि तिथेच अडली. कोड समांतर आहे का, म्हणजे एकच काम वाटून अनेक कोअरवर (प्रोसेसरच्या गणित करणाऱ्या भागांवर) एकाच वेळी चालतो का? एमपीआय की ओपनएमपी (असं काम वाटायच्या दोन पद्धती)? किती कोअरपर्यंत स्केल होतो, म्हणजे वेग वाढत जातो? "सर, माझं काम सुपरकॉम्प्युटरच्या लायकीचं नाहीये बहुतेक," म्हणाली.

हा फॉर्म हवामान आणि रेण्वीय गतिकीवाल्यांना (रेणूंच्या हालचालींचं गणित करणाऱ्यांना) समोर ठेवून बनवलाय. त्यांचं एकच अजस्र गणित शेकडो कोअरवर वाटायचं असतं आणि ते कोअर सतत एकमेकांशी बोलत राहतात. बेडकांच्या फायलींना एकमेकींशी काही देणंघेणं नाही. अशा कामासाठी स्लर्ममध्ये, म्हणजे क्लस्टरवरची कामं (जॉब) रांगेत लावून त्यांना कोअर देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जॉब अ‍ॅरे असतो. स्क्रिप्टच्या वरच्या भागात एक ओळ टाकायची, प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो आणि ते आपल्या क्रमांकाची फाइल उचलतं. ४८ कोअरचा एकच नोड (क्लस्टरमधला एक संगणक) मिळाला तरी सात तासांत सगळं उरकतं. समांतर प्रोग्रॅमिंगचा एक शब्दही शिकावा लागत नाही.

तिने पाठवलेला पहिला जॉब सुरूच झाला नाही. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली; ओळ संपल्याची खूण विंडोजची वेगळी, लिनक्सची वेगळी. स्लर्म तसं स्पष्ट सांगतो, पण इंग्रजीत आणि काळ्या पडद्यावर, त्यामुळे नवखा माणूस वाचण्याआधीच घाबरतो. दुरुस्तीला 'डॉसटूयुनिक्स' ही एक कमांड पुरते.

दुसरी भानगड वेळेची. सीनियरची स्क्रिप्ट कॉपी केल्यामुळे वीस मिनिटांच्या कामाला चार दिवस मागितलेले. एसटीत एखादी जागा उरली की एकटा प्रवासी पटकन चढतो, आठ जणांचं कुटुंब खालीच उभं राहतं. मोठ्या जॉबसाठी राखलेल्या नोडवर मधल्या वेळात स्लर्म छोटे जॉब असेच बसवतो. पण जॉब छोटा आहे हे त्याला तुम्ही मागितलेल्या वेळेवरूनच कळतं. तासभर मागा, लवकर चढाल.

आता ओहायोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमधून आलेलं ओपन ऑनडिमांड आम्ही बसवतोय. ब्राउझरमधूनच फायली टाका, ज्युपिटर (कोड लिहून तिथेच चालवायची वही) उघडा, टर्मिनलची, म्हणजे त्या काळ्या पडद्याची, गरज नाही. चांगलंच आहे ते. फक्त लोक आठ तासांचं ज्युपिटर सत्र उघडून चहाला जातात आणि कोअर अडकून पडतात. वेळ किती मागायचा हे ब्राउझरही शिकवत नाही, त्याला शेजारी बसून सांगणारा माणूस लागतो. तशा माणसांची पदं मंजूर करून घेणं नवे नोड घेण्याहून कठीण, हा माझा अनुभव.

पुण्यात १९९१ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. २०१५ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झालं, ४,५०० कोटींचं. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आहे. २०२४ मध्ये पुण्यासह दिल्ली आणि कोलकात्यात परम रुद्र आले. दर वेळी बातमीत पेटाफ्लॉप्स, म्हणजे वेगाचे आकडे. किती समाजशास्त्रवाल्यांना, किती मराठी विभागांना त्यावर लॉगिनची खाती मिळाली, हे मी तरी कुठे छापून आलेलं पाहिलं नाही.

अर्जातला पहिला प्रश्न बदलावा असं मी लेखी दिलंय. नवा प्रश्न एवढाच: लॅपटॉपवर याला किती वेळ लागतो आणि हे किती वेळा करायचंय? बाकीचं गणित आम्ही करू. समितीची बैठक अजून व्हायचीय.