ठाणे प्रभाग नकाशा : सात नव्हेच, नऊ वजा दोन!

मंडळी, लागला एकदाचा हिशोब! आठवत असेल, ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून काढलेला मोफत नकाशा) बसस्टॉप काढले ते २१२ आणि प्रभाग समित्यांप्रमाणे मोजले की बेरीज २१९. तीन रविवार ते जादा सात शोधत बसलो. मागे अक्षांश-रेखांश उलटे टाकून अख्खं ठाणं नॉर्वेच्या वर समुद्रात नेलं होतं, म्हणून तेही परत बघितलं, ते ठीक होतं.

घोळ माझ्याच हाताचा. स्कॅन केलेल्या पीडीएफवरून (तोही तिरका, देणाऱ्याला कोपरापासून नमस्कार) नऊ समित्यांच्या हद्दी नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे एकेक करून गिरवल्या, त्यामुळे नौपाडा-कोपरी आणि उथळसरमधली हद्द एकच असून दोनदा काढली गेली, कुठे दहा मीटर एकमेकींवर चढलेली तर कुठे मधे फट. चढलेल्या पट्टीतले नऊ स्टॉप दोन्हीकडे मोजले गेले आणि फटीतले दोन कुठेच नाहीत. सातचा गठ्ठा मुळात नव्हताच, सापडणार कुठून!

मग व्ही-क्लीन (असल्या हद्दी साफ करणारं टूल) चालवलं, स्नॅपला (किती अंतरातली टोकं एकत्र जोडायची तो आकडा) ५ टाकले, मला वाटलं मीटर. लेयर (नकाशाचा थर) होता ४३२६ मधे (अंशांत मोजणारी पद्धत), म्हणजे ५ अंश, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर!! कळवा-मुंब्रा-दिव्यासकट सगळं ठाणं एका टिंबात गोळा. बायको म्हणाली आता तरी जेवायला या. रात्री ३२६४३ मधे (ही मीटरवाली) नेऊन परत केलं तर फटी बुजल्या पण कोपरे वेडेवाकडे ओढले गेले. शेवटी पॉलिगॉन (बंद आकार) उडवले, प्रत्येक हद्द रेघ म्हणून एकदाच काढली, स्नॅपिंग चालू ठेवून, आणि पॉलिगनाइझ, म्हणजे त्या रेघांचेच परत बंद आकार. बेरीज २१२. दोनदा चालवून बघितलं, उगाच, बरं वाटतं म्हणून.

शेपफाइल (नकाशा साठवायचा जुना फाइल-प्रकार) मात्र सोडली. कॉलमच्या नावाला १० बाइट, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, मावतात तीनच (प, हलन्त, र), त्यामुळे 'प्रभाग' पण 'प्र' आणि 'प्रकार' पण 'प्र'. जिओपॅकेज (नवा फाइल-प्रकार) वापरा, सुखी राहाल.

पुढे दर चौरस किलोमीटरला किती स्टॉप ते रंगवणार होतो, पण हे टाइप करताना लक्षात आलं की येऊरचं जंगल ज्या समितीत मोजलं जाईल ती उगाचच ओसाड दिसणार, तिथे बस जाऊन करणार काय? म्हणजे आधी जंगल आणि खाडी कापून काढायची. राष्ट्रीय उद्यानाची हद्द कोणी नीट काढली असेल तर द्या रे, रेघ चालेल, पॉलिगॉन नको.