एम्स प्लांटेशनवर: पॉइंटर कुत्र्यांची तीन तासांची परीक्षा

मेम्फिसहून पूर्वेकडे जाणारा ५७ क्रमांकाचा महामार्ग धरला, की कॉलियरव्हिल, रॉसव्हिल, मॉस्को, ला ग्रेंज अशी गावे मागे टाकत सुमारे तासाभरात ग्रँड जंक्शन येते. टेनेसीतील हे गाव एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांसाठी ते तीर्थक्षेत्र आहे. पक्ष्यांचा माग काढणाऱ्या कुत्र्यांची अमेरिकेतील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १८९६ मध्ये मिसिसिपीतील वेस्ट पॉइंट येथे प्रथम झाली आणि १९१५ पासून ती गावाजवळच्या एम्स प्लांटेशनवर भरू लागली. हे कुत्रे कसे शिकवले जातात आणि त्यांना कोणत्या कसोटीवर तोलले जाते, हे समजून घेण्यासाठी मी फेब्रुवारीत तेथे गेलो.

या कुत्र्यांचे काम आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यांपेक्षा अगदी वेगळे आहे. कारवानी कुत्रा भक्ष्य डोळ्यांनी हेरतो आणि वेगाच्या बळावर गाठतो. पॉइंटर किंवा सेटर जातीचा कुत्रा मात्र वाऱ्यावर येणारा वास घेत धावतो आणि पक्षी जवळ आहे असे कळताच जागच्या जागी ताठ उभा राहतो, यालाच पॉइंट म्हणतात. थांबण्याची ही ओढ जन्मजात असते, शिकवून येत नाही. शिकवावे लागते ते त्यानंतरचे सारे.

शरद ऋतूत मी आमच्या शेजारच्या गृहस्थांबरोबर एका हंट टेस्टला गेलो होतो. त्यांची जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर कुत्री ज्युनियर हंटर पदवीच्या तयारीत होती. अमेरिकन केनेल क्लबच्या या चाचणीत कोणी कोणाला हरवत नाही. पक्ष्यांचा शोध, पक्षी सापडण्याची क्षमता, पॉइंट आणि शिकवण्यास दिलेला प्रतिसाद या चार बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण मिळतात. कोणत्याही बाबीत पाचांपेक्षा कमी गुण चालत नाहीत आणि सरासरी किमान सात यावी लागते. अशा चार चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर ज्युनियर पदवी मिळते. सीनियरसाठी पाच आणि मास्टरसाठी सहा चाचण्या लागतात, मात्र आधीची पदवी असेल तर त्यांतली एक कमी होते. वरच्या दोन्ही पायऱ्यांवर पक्षी उचलून आणणे आणि सोबतच्या कुत्र्याच्या पॉइंटचा मान राखणे, म्हणजे तो थांबलेला दिसताच आपणही थांबणे, या दोन बाबींची भर पडते. मास्टरच्या कुत्र्याने पक्षी उडाला, बंदूक वाजली, पक्षी खाली पडला, तरी आज्ञा मिळेपर्यंत जागा सोडायची नसते.

एम्सवरची कसोटी निराळी आहे, कारण तेथे गुणांचा तक्ता नाही आणि विजेता एकच असतो. हे प्लांटेशन १९०१ मध्ये विकत घेणारे मॅसॅच्युसेट्सचे उद्योगपती होबार्ट एम्स यांनी अजिंक्य कुत्रा कसा असावा याची जी व्याख्या लिहिली, ती आजही प्रमाण मानली जाते. त्यांच्या मते अशा कुत्र्याला पक्ष्यांची उत्तम जाण हवी. थवा असो वा एकटा पक्षी, त्याचे काम निर्दोष असले पाहिजे. पक्षी चालून गेल्यावर जमिनीवर उरलेला वास आणि प्रत्यक्ष पक्ष्याच्या अंगाचा वास यांतला फरक त्याने झटकन ओळखला पाहिजे. वेग, पल्ला, डौल, धैर्य आणि दम यांच्या जोडीला शिस्त तर सदैव हवी, आणि पक्षी त्याने शोधावेत, हँडलरवर, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्यावर, कुत्र्याला शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

रोज सकाळी आणि दुपारी दोन कुत्र्यांची एकेक जोडी सुटते आणि प्रत्येक जोडी तीन तास धावते. परीक्षक, हँडलर आणि प्रेक्षक सगळे घोड्यांवर असतात. मी भाड्याच्या शांत घोडीवर मागच्या रांगेत होतो. पिवळट सेज गवत, कापणी झालेली शेते, ओकची झाडे आणि मधूनच दिसणारी लाल माती अशा त्या प्रदेशात कुत्रे बघता बघता पार दूरच्या कडेला ठिपक्याएवढे झाले. हँडलर लांब सूर लावून हाका देत होता. त्या हाकांचा हेतू कुत्र्याला परत बोलावणे हा नसून आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे त्याला कळवणे, एवढाच असतो.

मग पुढच्या स्वाराने टोपी उंच धरून पॉइंट झाल्याचे ओरडून सांगितले. आम्ही पोचलो तेव्हा पांढरा-तपकिरी पॉइंटर झुडपाच्या कडेला उभा होता. शेपूट सरळ वर होती, एक पुढचा पाय अर्धवट दुमडलेला होता, कानाला कुसळे चिकटली होती आणि नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. हँडलर घोड्यावरून उतरला आणि बुटांनी गवत चाळवत पुढे गेला. बॉबव्हाइट लाव्यांचा थवा फडफडाट करीत एकदम उठला आणि त्याच क्षणी हँडलरने पिस्तुलातून बिनगोळीचा बार काढला. येथे पक्षी मारला जात नाही. कुत्र्याची मान थव्याच्या दिशेने किंचित वळली, पण चारही पाय जागेवर राहिले.

त्याच वेळी दुसरा कुत्रा चढावर आला, जोडीदाराला पाहिले आणि तसाच थबकला. मला विचाराल तर या साऱ्या परीक्षेत हीच अट सर्वांत कठीण आहे. पॉइंट करणाऱ्याच्या नाकात निदान वास असतो, पण याच्याजवळ तेही नसते. दुसऱ्याला काहीतरी सापडले आहे एवढ्या दृश्यावर त्याने स्वतःची धाव आवरायची असते, आणि तीही हँडलर जवळ नसताना.

दुपारी गावातल्या नॅशनल बर्ड डॉग म्युझियममध्ये गेलो. तेथे भेटलेल्या एका जुन्या प्रशिक्षकांनी शिकवण्याचा क्रम समजावून सांगितला. पिल्लाला प्रथम नुसते हुंदडू द्यायचे आणि पक्ष्यांची गोडी लागू द्यायची. बंदुकीच्या बाराचा आवाज सुरुवातीला दुरून, तोही पिल्लू पक्ष्यामागे रंगलेले असताना ऐकवायचा, नाहीतर ते जन्मभर बंदुकीला भिते. ‘व्हो’ म्हणताच थांबणे लांब दोरीवर शिकवायचे आणि ते अंगवळणी पडल्यावरच पक्षी समोर आणायचा. मान राखणे शिकवताना कुत्र्याच्या आकाराची पत्र्याची आकृती गवतातून वर उचलतात. घाई केलेला कुत्रा घरच्या रानात उभा राहतो, पण तीन तासांच्या थकव्यानंतर अडीच फर्लांगांवर एकटा असताना शिस्त मोडतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच तीन तासांची मुदत मला योग्य वाटते. थोड्या वेळात उधार आणलेली शिस्तही खपून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जोडीतला एक कुत्रा दुसऱ्या तासात मंदावला. नियम मोडला नव्हता, तरी त्याच्या हँडलरने परीक्षकांना सांगून त्याला उचलून घेतले आणि कुत्र्यांच्या गाडीत ठेवले. जिंकण्याजोगे काम होत नसेल तर नुसती वेळ पुरी करण्याला येथे किंमत नाही आणि हे हँडलरच आधी ओळखतात. उरलेला कुत्रा एकटाच पुढे धावला आणि तिसऱ्या तासातही त्याने एक थवा शोधला. जाण्याचा विचार असेल तर घोडेस्वारीची सवय करून जावे, कारण पायी चालणाऱ्याला त्या कुत्र्यांचे काम दिसतच नाही.